क्लच अकाली का जातो?

मोटारीचा टायर फुटला तर साऱ्या रस्त्याला दिसतो, इंजिन बिघडले तर त्याची चारचौघांत चर्चा होते. पण क्लच असा अवयव आहे की, तो जाईपर्यंत त्याची आठवण कोणालाही होत नाही. गेला म्हणजे मात्र तंटा सुरू होतो. मालक चालकाला बोल लावतो, चालक मिस्त्रीकडे बोट दाखवितो आणि मिस्त्री ‘हल्ली मालच हलका येतो’ असे म्हणून मोकळा होतो. चालक पगारी असेल तर खर्चाची रक्कम त्याच्या पगारातून कापण्याची भाषाही निघते. तेव्हा यंत्राच्या या लहानशा प्रश्नात न्याय-अन्यायाचाही भाग आहे, आणि म्हणूनच तो थोडा नीट समजून घेण्याजोगा आहे.

क्लच कशासाठी असतो? विजेच्या मोटरीला थांबलेल्या स्थितीतून जोर लावता येतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला ते साधत नाही. ते मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असेल तरच जिवंत राहते. चाके तर उभी आहेत. या फिरत्या आणि उभ्या भागांची गाठ झटका न बसता घालून द्यावयाची, हे क्लचचे काम. आपल्याकडील जुन्या पिठाच्या गिरणीत पट्टा एका सुट्या चाकावर मोकळा फिरत असे आणि दळण टाकावयाच्या वेळी तो शेजारच्या घट्ट चाकावर सरकवीत. कार्ल बेंझ याने १८८६ साली जी मोटारगाडी पुढे आणली, तीतही हीच पट्ट्याची युक्ती होती. आजच्या गाडीत पट्ट्याच्या जागी एक तबकडी असते. इंजिनाचे जड फ्लायव्हील एका बाजूस, स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचप्लेट. पेडल दाबले की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडल सोडले की ती दोहोंमध्ये घट्ट धरली जाते.

आता मुख्य मुद्दा. प्लेट पूर्ण धरलेली असताना झिजत नाही आणि पूर्ण सुटलेली असतानाही झिजत नाही. ती झिजते मधल्या अवस्थेत, म्हणजे चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात त्या वेळी. तेव्हा क्लचचे आयुष्य किलोमीटरने मोजण्यापेक्षा घसरण्याच्या सेकंदांनी मोजणे अधिक खरे. चांगल्या हातात जो क्लच साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज चालतो, तोच दुसऱ्याच्या हातात पंधरा हजारांत संपतो, याचे कारण बहुधा येथेच सापडते.

थोडा हिशेब करून पाहू. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी सपाटीवर सुरू करून ताशी १० किलोमीटर वेगाला आणली, तर क्लचमध्ये सुमारे साडेचार ते पाच किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ती चुकत नाही. कितीही कुशल चालक असला तरी गाडीला जेवढी गती द्यावयाची, निदान तेवढीच उष्णता क्लचला सोसावी लागते. पण तीच गाडी १२ फुटांना १ फूट अशा चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर नुसती तोलून धरली, तर काय होते? इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सुमारे ३ किलोवॉट शक्तीची उष्णता होते. हजार वॉटच्या तीन इस्त्र्या एकदम त्या बंद डब्यात तापत ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. असे एक मिनिट धरणे म्हणजे सपाटीवर चाळीस वेळा गाडी सुरू करण्याइतकी झीज ओढवून घेणे. अस्तर फार तापले की त्यातील राळेसारखा बंधक पदार्थ जळतो, जळका वास येतो आणि पकड कमी होते. पकड कमी झाली म्हणजे घसरणे वाढते, घसरणे वाढले म्हणजे ताप वाढतो. या चक्रातून प्लेट परत येत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत या घसरण्याला निमंत्रणे पुष्कळ आहेत. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला आणि १९६० पासून सांगली नावाने ओळखला जाणारा जिल्हा साताऱ्याचाच धाकटा भाऊ. पण दोघांची जमीन निराळी आणि क्लचची दुखणीही निराळी. साताऱ्याकडे घाट आहेत. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा, मेढ्याहून महाबळेश्वरकडे जाणारा केळघरचा, साताऱ्यावरून कासला जाताना लागणारा यवतेश्वरचा. पावसाळ्याच्या अखेरीस कासची फुले पाहावयास गर्दी लोटते, घाटात रांग लागते, आणि दर दहा पावलांना थांबणारी प्रत्येक गाडी हाफ क्लचवर लटकत राहते. सांगलीकडे चढ थोडे. पण गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या गिअरमध्ये रांगणे आणि बाजारपेठेतील गर्दीत सदैव पेडलवर पाय ठेवून बसणे, हे तेथील दुखणे. शिवाय २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर सांगलीकर विसरले नाहीत. पुरात बुडालेली गाडी काही आठवडे तशीच उभी राहिली की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग इंजिन चालू असता गिअरच पडत नाही. हा दोष कोणाच्या पायाचा नव्हे.

तेव्हा दोष कोणाचा, हे ठरवावयाचे कसे? त्याची साक्ष काढलेली जुनी प्लेट देते. अस्तर सारखे झिजून रिबिटांपर्यंत आले असेल आणि फ्लायव्हीलवर निळे डाग व बारीक तडे असतील, तर ते फार तापले होते. चालविण्याची पद्धत तपासावी. अस्तर तेलाने भिजले असेल, तर इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील ऑईल सीलमधून गळती आहे. येथे चालकाचा पगार कापणे हा सरळ अन्याय होय. बेअरिंग आणि स्प्रिंगची बोटे घासून खोल गेली असतील, तर पाय पेडलवर विसावत असावा, किंवा पेडलचे जुळणे चुकून त्याला मोकळी हालचालच उरली नसावी. दुसरे कारण असेल तर ते मिस्त्रीच्या हातचे काम आहे. प्लेटच्या मध्यावरील लहान स्प्रिंगा तुटल्या असतील, तर क्लच झटक्याने सोडण्याची सवय पाहावी.

म्हणून गिअरबॉक्स उतरविला जाईल तेव्हा मालकाने स्वतः उभे राहावे आणि जुनी प्लेट पाहिल्यावाचून नवी बसवू देऊ नये. कारण सापडले नाही, तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाईल. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरविण्याचाच असतो; तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलणे, सील तपासणे आणि फ्लायव्हील पाहणे यात शेवटी बचतच आहे. नव्या अस्तराला तेलकट हात लागू देऊ नये, आणि पहिले काही शे किलोमीटर ते सांभाळून वापरावे.

आजार आधी ओळखताही येतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे घसरण्याचे पहिले लक्षण. पेडल दाबल्यावर घरघर येणे बेअरिंगचे, आणि रिव्हर्स टाकताना दात कुरकुरणे हे प्लेट पूर्ण न सुटल्याचे.

पथ्य तर अगदी साधे आहे. चढावर थांबावयाचे ते हातब्रेकवर. निघताना क्लच धरू लागला की मगच ब्रेक सोडावा. रांगेत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि पुढे दोन गाड्यांची जागा झाल्यावर एकदाच हलवावी. पाय पेडलवरून काढून शेजारी ठेवावा. आपोआप गिअर बदलणाऱ्या ज्या स्वस्त गाड्या आता आल्या आहेत, त्यांत क्लच नसतो असा पुष्कळांचा समज आहे. त्यांपैकी बहुतेकांत क्लच असतोच. तो फक्त यंत्र दाबते. अशी गाडी चढावर ॲक्सिलरेटरने तोलून धरली, तर इस्त्र्या तेथेही तापतात.

यंत्र खोटे बोलत नाही. त्याला विचारण्याचे कष्ट मात्र आपण घेतले पाहिजेत. मिस्त्रीच्या बाकावर पडलेली झिजकी तबकडी उलटून पाहावयास दोन मिनिटे पुरतात. तेवढ्याने दुसऱ्यांदा होणारा खर्च वाचतो, आणि ज्याचा दोष नाही त्याच्यावरील आळही टळतो.