तोळा, शेर, मण आणि सूर्य : वस्तुमानाची एकके कशी बदलायची?



गिरडच्या टेकडीवरच्या गोल दगडांची गोष्ट आपल्याकडे सांगतात. बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल म्हणे दगड झाला! वर्गात यावरूनच प्रश्न टाकायचा : ७०० ग्रॅमचा दगड पणजोबांच्या तराजूत किती भरला असता?

जुने कोष्टक :

८ गुंजा = १ मासा
१२ मासे = १ तोळा = ११.६६४ ग्रॅम
८० तोळे = १ शेर = ९३३.१ ग्रॅम
४० शेर = १ मण = ३७.३२ किलोग्रॅम

हे इंग्रजी अमदानीत ठरलेले कोष्टक. त्याआधी गावोगावचा शेर-मण वेगळा असे.

नियम एकच : आधी ग्रॅम किंवा किलोग्रॅममध्ये आणा, मग हव्या त्या एककात न्या. ७०० ÷ ११.६६४ = ६० तोळे, म्हणजे पाऊण शेर.

पण तोळा कोणता, हे आधी विचारा. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि आता सराफ बहुधा १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीच्या जुन्या चिठ्ठीत ५ तोळे लिहिले असतील तर ते ५८.३ ग्रॅम होतात, ५० नव्हे. ८.३ ग्रॅम सोन्याचा फरक!

आता सूर्य. त्याचे वस्तुमान १.९८९ × (१० चा ३० वा घात) किलोग्रॅम. नियम तोच. ३७.३२ ने भागा : ५.३३ × (१० चा २८ वा घात) मण. कॅल्क्युलेटर पुढेही बरेच अंक दाखवतो. मुलं ते सगळे उतरवून घेतात. तिथे थांबवायचं. सूर्याचे किलोग्रॅम काढायला गुरुत्वीय स्थिरांक लागतो आणि तोच जेमतेम चार-पाच अंकांपर्यंत खात्रीने माहीत आहे. मग उत्तर त्याहून नेमके कसे असेल?

उलट, सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट आहे, हे गुणोत्तर ग्रहांच्या भ्रमणावरून कितीतरी जास्त अचूक कळते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांचे वस्तुमान 'सौर वस्तुमानात' सांगतात : हा तारा दोन सूर्यांएवढा, तो दहा सूर्यांएवढा. सोनार गुंजेशी तुलना करायचा, हे सूर्याशी करतात. मोजणे म्हणजे शेवटी तुलनाच.

घरी करून पाहा : ३० किलोच्या मुलाचे वजन सुमारे ३२ शेर १२ तोळे. तुमच्या मुलाचे किती?