फॉइलचं भंगार, विरजण आणि पंधरा एकर

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. घरात ॲल्युमिनियम फॉइलचा रोल असेल तर त्यातला वीतभर तुकडा काढा, न चुरगाळता. खोलीतला लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि फॉइल टॉर्चसमोर धरा. बहुतेक वेळा काहीच दिसणार नाही. पण एखाद्या तुकड्यात चांदणीसारखा एक बारीक ठिपका चमकेल. ते भोक आहे. कारखान्यात त्याला पिनहोल म्हणतात.

पोळीच्या डब्यात असलं भोक असलं काय, नसलं काय. पण गोळ्यांच्या पाकिटाची पाठसुद्धा फॉइलचीच असते. आजीची बीपीची गोळी पावसाळ्यात दमट हवेपासून वाचते ती त्या पातळ पत्र्यामुळे. दुधाच्या, ज्यूसच्या कागदी खोक्यात आत जो चंदेरी थर असतो तो तर फक्त 6-7 मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन धरा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. तिथं भोक पडलं की माल गेला.

आता मूळ विषय. लातूरच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "भंगारवाला रद्दी घेतो, पत्रा घेतो, जुना कुकर तर भांडून घेतो. मग फॉइल का घेत नाही? वितळवलं की झालं ना?" मलाही आधी असंच वाटायचं. आमच्या नांदेडच्या भंगारवाल्याचं उत्तर एका वाक्यात संपतं: "याला वजनच न्हाई, काय करू घेऊन?" आणि ते खरं आहे. 9 मीटरचा, 30 सेंटिमीटर रुंदीचा, 11 मायक्रॉनचा आख्खा रोल भरतो जेमतेम 80 ग्रॅम. शिवाय इतका पातळ पत्रा भट्टीत टाकला की वितळायच्या आधीच त्यातला बराच भाग हवेशी रिॲक्ट होऊन राख होतो. वर तेल, मसाला, चटणी. गोळ्यांच्या पाकिटात तर प्लास्टिक चिकटलेलंच असतं.

पण समजा, हे सगळं सोडवलं. स्वच्छ फॉइल गोळा केलं, दाबून गठ्ठे केले, वितळवलं. त्याचं परत फॉइल होतं का? इथं खरी गंमत सुरू होते. त्यासाठी आधी तूप आणि खडीसाखर लागेल.

कढवलेलं तूप सावकाश गार झालं की छान रवाळ होतं. आपल्याला तेच आवडतं. वितळलेलं ॲल्युमिनियम गार होतानाही त्यात असेच रवे तयार होतात. फक्त फॉइलवाल्याला मोठा रवा अजिबात नको असतो. मोठे, लांबट रवे असले की ओतलेल्या लादीला तडे जातात, लाटलेल्या पत्र्यावर रेघा उमटतात. त्याला हवा बारीक, सगळीकडं सारखा रवा. शिऱ्याचा रवा चाळून घेतो ना, तसा.

तो कसा मिळवायचा? खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात. स्फटिकाला पहिल्यांदा बसायला जागा लागते, ती जागा दोरा देतो. एकच दोरा असला तर त्यावर मोठे खडे. पण पाकात कोट्यवधी बारीक धागे सोडले तर? प्रत्येकावर साखर बसायला लागेल आणि कुणालाच मोठं व्हायला जागा उरणार नाही. ॲल्युमिनियममध्ये या धाग्यांचं काम टायटॅनियम डायबोराइड नावाच्या पदार्थाचे कण करतात. आकार साधारण एक मायक्रॉन.

हे कण ज्यातून टाकतात त्याला मास्टर अलॉय म्हणतात. सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे 94 टक्के ॲल्युमिनियम, 5 टक्के टायटॅनियम, 1 टक्का बोरॉन. बोटाएवढ्या जाडीची तार असते, वेटोळं करून येते. वितळलेलं ॲल्युमिनियम भट्टीतून साच्याकडं ज्या पन्हाळीतून वाहतं, त्या पन्हाळीत ही तार हळूहळू सोडत जातात. एक टन धातूला साधारण एक-दोन किलो. थोडक्यात विरजण. पातेलंभर दुधाला चमचाभर.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये ॲडम सिबुला यांनी 1949 साली असं मांडलं की टायटॅनियममुळे तयार होणारे न विरघळणारे कणच रव्याचं बीज होतात. आपल्याकडं यावर भरपूर काम आयआयटी खरगपूरमध्ये झालं. बी. एस. मूर्ती, एस. ए. कोरी आणि एम. चक्रवर्ती यांचा 2002 चा आढावा-लेख या विषयात जगभर वाचला जातो. यातले मूर्ती सर मेटलर्जी शिकले ते आपल्या नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. (मी कॉम्प्युटरवाला माणूस, पण हे वाचून उगाच छाती फुगली.)

आता विरजणाचा प्रश्न. आज लावलेल्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला चालतं. मग फॉइलच्या भंगारात जे जुने कण आहेत, ते पुढच्या खेपेला चालतात का? चालले तर नवीन तार कशाला विकत घ्यायची?

ते कण भंगारात असतात हे नक्की. भट्टी असते 700-750 अंशांवर, आणि टायटॅनियम डायबोराइड वितळतं 3000 अंशांच्याही वर. ॲल्युमिनियम कितीदाही वितळवा, हे कण जसेच्या तसे. आणि त्यातले बहुतेक कण बिनकामाचे राहिलेले असतात! केंब्रिजच्या ए. एल. ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली दाखवलं की टाकलेल्या कणांपैकी साधारण एक टक्कासुद्धा रव्याचं बीज होत नाहीत. आधी मोठे कण कामाला लागतात. धातू गोठायला लागला की त्यातून उष्णता बाहेर पडते आणि मग बारीक कणांना संधीच मिळत नाही. बाकीचे 99 टक्के नुसते प्रवासी, विनातिकीट.

म्हणजे तत्त्वतः जुनं विरजण चालायला पाहिजे. काही वेळा चालतंही. पण हे कण वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतात. भट्टीत धातू थांबला की ते तळाला बसतात. आणि त्याहून वाईट म्हणजे एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. म्हणूनच तर तार भट्टीत न टाकता शेवटी पन्हाळीत सोडतात, गुठळी व्हायला वेळच मिळू नये म्हणून. भंगारातून आलेल्या कणांना मात्र भट्टीत तासन् तास मिळतात. तळाला गाळ साचतो आणि पुढचा घाणा टाकताना ढवळलं गेलं की तो गाळ वर येतो.

आता एक हिशोब करू, मला हा फार आवडला. एक टन धातूत एक किलो तार टाकली तर त्यातून टायटॅनियम डायबोराइड येतं साधारण 32 ग्रॅम. कणांची संख्या काही लाख कोटी. आणि एक टन ॲल्युमिनियमचं 6 मायक्रॉनचं फॉइल केलं तर ते पसरतं जवळजवळ 61,000 चौरस मीटर, म्हणजे 15 एकर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी सोयाबीनच्या रानाएवढं. त्या 15 एकरांत 32 ग्रॅम पावडर पसरलीय आणि अट अशी की कुठंही तिची 10 मायक्रॉनची गुठळी नको. कारण पत्रा लाटताना ॲल्युमिनियम हजार पट पातळ होतं, पण गुठळी चेपत नाही. 6 मायक्रॉनच्या पत्र्यात 10 मायक्रॉनचा खडा आला की तिथं भोक पडतं, नाहीतर सुसाट वेगाने पळणारा पत्रा तुटतो आणि मशीन थांबवावी लागते. (भोकं इतर कारणांनीही पडतात: हायड्रोजनचे बुडबुडे, ऑक्साइडची साय, रोलवरची धूळ. सगळा दोष एकट्या बोराइडवर ढकलत नाही.)

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्रॅम प्रत्येक खेपेला थोडी मेमरी घेतो आणि परत करत नाही. एकदा चालवला तर कळतही नाही. भंगाराचं तसंच आहे. प्रत्येक खेपेला सवयीप्रमाणे नवीन तार, आणि जुने कण आहेतच.

आणि यातला फसवा भाग असा की रिपोर्ट स्वच्छ येतो. फॉइलसाठी वापरतात त्या 8011 मिश्रधातूत टायटॅनियमची कमाल मर्यादा 0.08 टक्के. एक किलो तारेने वाढतं फक्त 0.005 टक्के. म्हणजे तोच धातू पंधरा वेळा फिरवला तरी कागदावर सगळं हिरवं. टेस्ट पास आणि प्रॉडक्शन झोपलं, ही परिस्थिती ज्यांनी भोगलीय त्यांना वेगळं सांगायला नको. मोजणी होते सरासरीची, पत्रा फाटतो एका गुठळीने.

दुसरी भानगड विषाची. धातुशास्त्रात खरंच तोच शब्द आहे, पॉयझनिंग. भंगारात झिर्कोनियम आलं तर हे कण निकामी होतात, कितीही टाका, रवा मोठाच राहतो. झिर्कोनियम कुठून येणार? जास्त तापमान सोसणाऱ्या काही वीजवाहक तारांच्या ॲल्युमिनियममध्ये ते मुद्दाम घातलेलं असतं. फॉइलच्या भंगारात अशा तारेचे तुकडे मिसळले की विरजण नासलं.

उलट, विजेच्या साध्या तारांसाठी ॲल्युमिनियम करताना टायटॅनियमच शत्रू असतं, कारण त्याने वीज नीट वाहत नाही. तिथं मुद्दाम बोरॉन टाकतात, टायटॅनियमला बोराइड बनवून तळाला बसवतात आणि वरचा स्वच्छ धातू घेतात. म्हणजे एका कारखान्यात जो गाळ, तोच दुसऱ्याकडं विरजण.

मग उपाय? कारखान्याच्या आतलं भंगार, म्हणजे कडेच्या कापलेल्या पट्ट्या वगैरे, वेगळं ठेवलं तर ते सगळ्यात सोपं, कारण त्यात काय आहे हे माहीत असतं. साच्याच्या आधी सिरॅमिकच्या जाळीतून धातू गाळतात. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे तार सोडायच्या आधी पळीभर धातू घेऊन गोठवायचा, कापून रवा बघायचा, आणि मग ठरवायचं किती टाकायची. जुने कण काम करत असतील तर नवीन कमी टाका. दुधात आधीच दही असेल तर आणखी विरजण कशाला? पण चालू सिस्टिमचं डीफॉल्ट सेटिंग बदलायला कोण धजावतं, हे मला ऑफिसात रोज दिसतं.

आपल्या राज्यात ॲल्युमिनियम लाटायचे मोठे कारखाने आहेत, हिंदाल्कोचे तळोजाला आणि नागपूरजवळ मौद्याला. नागपूरच्याच वाडीत जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे आणि भंगारावर तिथंही काम चालतं. हे महत्त्वाचं कशासाठी, तर भंगारापासून ॲल्युमिनियम करायला नव्याच्या तुलनेत साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते. 95 टक्के बचत समोर दिसतेय आणि अडलंय एका मायक्रॉनच्या कणापाशी.

नांदेडमधून निघालेलं फॉइल सध्या तरी परत फॉइल होत नाही. मी घरी तीन रोलचं वापरलेलं फॉइल धुऊन, घट्ट दाबून एक गोळा केला. सुटा पत्रा जळतो, गोळा त्यामानाने कमी जळतो. भंगारवाल्याने हातात घेऊन झेलून बघितला, तराजूत टाकला. पावशेरला थोडा कमी. जुन्या पातेल्यांच्या ढिगात फेकत म्हणाला, "हे कढईत जातंय दादा. कढईला काय, चालतंय सगळं."