श्वासांची वही

बँकेच्या सेवेत ३६ वर्षे काढल्यामुळे प्रत्येक गोष्ट वहीत उतरवण्याची मला खोड आहे. निवृत्तीनंतर दूध, वीज आणि गॅस यांच्या नोंदी तेवढ्या उरल्या होत्या. गेल्या पौषात मात्र त्या वहीत एक निराळेच पान उघडावे लागले. त्यावर तारीख, वेळ आणि पुढे केवळ एक आकडा आहे. तो आकडा आमच्या मनीच्या एका मिनिटातील श्वासांचा.

सांगलीत २०२१ साली कृष्णेचे पाणी चढले, तेव्हा भिजून लगदा झालेले मांजराचे एक पिल्लू आमच्या जिन्यात येऊन बसले आणि पूर ओसरल्यावरही गेले नाही. तीच ही मनी. आम्ही मांजर पाळले असे म्हणण्यापेक्षा तिने आम्हाला ठेवून घेतले, असे म्हणणे अधिक योग्य. सकाळी वाटीभर दूध, दुपारी दूधपोळी. उरलेला दिवस ती कुठे असे, काय खाई, हे आम्ही विचारत नसू. न विचारण्यात आमची एक सोय होती, हे पुढे उमगले.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत तिला सर्दी झाली. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदलेले. मांजराला होणारी अशी सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि तिच्यासाठी प्रतिबंधक लसही मिळते. आम्ही ती दिलेली नव्हती. मांजर अन्नाचा वास घेऊन जेवते. नाक बंद झाले की समोरचे अन्न त्याच्या लेखी अन्नच राहत नाही. मनीने दोन दिवस वाटीला तोंड लावले नाही. माझ्याने ते पाहवेना. नातवाच्या औषधाची सिरिंज घेतली, कोमट दूध भरले, तिची मान वर करून धरली आणि ते तोंडात सोडले. तिला ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला आणि उरलेले दूधही पाजले. त्या रात्री मला समाधानाची झोप लागली, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कोपरे अंगापासून दूर करून, मान पुढे ताणून बसली होती. पोट भात्यासारखे हलत होते. मध्येच तिने तोंड उघडले आणि कुत्र्यासारखी धापा टाकू लागली. कुत्रे तोंडाने धापा टाकते, ते त्याला स्वाभाविक असते. स्वस्थ बसलेले मांजर तोंडाने श्वास घेऊ लागले तर मात्र घटकाभरही थांबू नये. तेव्हा हे ठाऊक नव्हते. सौ.ने मात्र तिच्या हिरड्या पाहिल्या आणि म्हणाली, “अहो, रंग उडालाय. रिक्षा बोलवा.”

पशुवैद्य तरुण होत्या. त्यांनी मनीला फार हाताळले नाही. प्रथम प्राणवायूच्या पेटीत ठेवले. श्वास थोडा सावरल्यावर क्ष-किरण चित्र काढले. फुफ्फुसांच्या खालच्या भागात पांढुरके डाग होते. त्यांनी शांतपणे विचारले, “काका, तोंडात काही ओतलं होतं का?” बँकेत मी अनेक तपासण्यांना सामोरा गेलो, पण या एका प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळली.

दूध श्वासनलिकेतून फुफ्फुसात गेले होते. अशक्त प्राण्याची मान वर करून द्रव ओतला, की तो चुकीच्या वाटेने जाण्याचा धोका असतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बद्धकोष्ठासाठी पातळ पॅराफिन पाजणारे लोक असतात. ते तर अधिक घातक, कारण त्याला चव नसल्यामुळे मांजराला ठसकाही लागत नाही आणि ते सरळ छातीत उतरते. बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे दोष अधिकच जाणवला.

दोन रात्री मनी दवाखान्यात होती. घरी आणताना बाईंनी काय करायचे ते सांगितले आणि मी ते वहीत उतरून घेतले. ती झोपलेली असताना छातीचे वर-खाली होणे मोजायचे. एकदा वर आणि एकदा खाली मिळून एक श्वास. निरोगी मांजराचा आकडा झोपेत तिसाच्या आत असतो. त्या दिवशी मनीचा ५२ होता. तो वाढला, किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर थेट दवाखाना गाठायचा. माणसांची औषधे द्यायची नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. छातीला चोळायचे कापराचे मलम नको, उदबत्तीचा धूरही नको. आमची देवपूजा तीन आठवडे धुराविना झाली.

गोळी दिल्यावर गालाच्या कडेने थेंबथेंब पाणी द्यायचे होते, कारण कोरडी गोळी, विशेषतः डॉक्सिसायक्लिनची, मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. पुन्हा सिरिंज हातात घ्यायला मी धजेना. ते काम सौ.ने केले. मनीची मान सरळ ठेवून, ती एक थेंब गिळेपर्यंत दुसरा न देता. पाच मिलिलिटर पाण्याला दहा मिनिटे लागत.

माझ्याकडे वाफाऱ्याचे काम होते. नातवाचे नेब्युलायझर यंत्र बाईंच्या सल्ल्याने काढले, त्यात केवळ सलाईन घातले. मनी पिंजऱ्यात, पिंजऱ्यावर चादर आणि आत ते बारीक धुके, दहा मिनिटे. नंतर हाताची ओंजळ करून तिच्या बरगड्यांवर मागून पुढे हलके थोपटायचे, म्हणजे साचलेला कफ सुटतो. पहिल्या दिवशी ती माझ्यावर फिस्कारली. मला बरे वाटले. फिस्कारण्याइतके बळ तिच्यात होते.

खरा पेच अन्नाचा होता. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साचून यकृतच निकामी होऊ लागते. त्यामुळे दर चार तासांनी, रात्रीही, थोडे थोडे भरवायचे होते. आमच्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. आणि बाईंनी दिलेला आजारी मांजरांचा डबा मांसाचा होता.

मी दूधभाताचे विचारले. बाई म्हणाल्या, मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसातूनच मिळतो आणि न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. तो बाहेरून मिसळलेले शाकाहारी खाद्य निघाले आहे. पण मरणाच्या दारातल्या जिवावर नवा प्रयोग करायला त्या तयार नव्हत्या. एवढी वर्षे मनी दूधपोळीवर जगली नव्हतीच. आम्ही वाटी ठेवत होतो आणि तिचे खरे पोषण आमच्या नजरेआड होत होते.

डबा एक दिवस मागच्या ओसरीत पडून राहिला. रात्री दोन वाजता मला जाग आली, तेव्हा सौ. ओसरीत पाटावर बसली होती. गरम पाण्यात ठेवून डबा कोमट केला होता, कारण कोमट अन्नाचा वास चोंदलेल्या नाकालाही थोडा लागतो. पदर नाकाशी धरून ती चमच्याच्या टोकाने मनीच्या ओठाला अन्न लावत होती. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, “नियम माझा आहे. तिचा नाही.” मनीने ओठ चाटले. मग चमचा चाटला.

आमच्या परिचितांपैकी काहींना हे रुचलेले नाही. वाचकांतही कुणाला रुचणार नाही. त्यांच्याशी वाद घालण्याजोगे माझ्याजवळ काही नाही. मुळात आजार माझ्या हातून ओढवलेला होता. (एक गंमत सांगतो: कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशींना मारक असतात. तेवढ्यापुरते आमचे स्वयंपाकघर तिला पूर्वीपासूनच निर्धोक होते.)

वहीतले आकडे पुढे असे आहेत: ४८, ४६, ५०, ४४. त्या ५०च्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही. मग ३८, ३४, ३५. बाराव्या दिवशी २८. गोळ्या मात्र पूर्ण तीन आठवडे चालल्या. बरे दिसू लागले म्हणून मध्येच सोडायच्या नसतात. नंतरच्या क्ष-किरण चित्रात एक फिकट रेघ तेवढी उरली होती.

मनी आता पुन्हा माझ्या टेबलावरच्या कागदांवर झोपते. हिशेब लिहिता लिहिता नजर तिच्या बरगड्यांवर जाते आणि मी घड्याळ पाहून मोजू लागतो. सौ. हसते. ओसरीत एक लहान फडताळ केले आहे. मनीचे डबे तिथे असतात. त्यांचा चमचा अंगणातल्या नळावर वेगळा धुतला जातो, आणि तो सौ.च धुते.