स्लाइड वाचून दाखवू नका, धंदा दाखवा!



प्रेझेंटेशन बँकेत असो की डिस्ट्रिब्युटरपुढे, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. समोरचा माणूस एकतर वाचतो, नाहीतर ऐकतो. स्लाइडवर दहा ओळी टाकल्या की तो त्या वाचत बसतो आणि तुमचं बोलणं वाया जातं. म्हणून जे नुसतं बोलून डोळ्यांसमोर येत नाही, तेवढंच दाखवा.

समजा, तुमचा चकलीचा धंदा आहे. मशीनसाठी मुद्रा योजनेतलं किशोर गटाचं, म्हणजे ५० हजारांच्या वर ते ५ लाखांपर्यंतचं कर्ज हवंय. "आमची क्वालिटी एक नंबर" हे मॅनेजरसाहेब रोजच ऐकतात. त्यांच्यासमोर प्रोजेक्टर नसतो, टेबल असतं. त्यावर तीन गोष्टी ठेवा.

१. सीलबंद पॅकेट: लेबलवरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर समोर येईल असं धरा. परवान्यावर वेगळं भाषण लागत नाही.

२. एकच चित्र: पाव किलोचं पॅकेट दुकानदाराला ९० रुपयांना जातं. कच्चा माल ४५, मजुरी १२, पॅकिंग आणि गॅस ८, उरले २५. कागदावर एक उभी पट्टी काढा, तिचे चार भाग करा आणि फक्त नफ्याचा भाग रंगवा. हप्ता कुठून फिटणार, ते एका नजरेत कळतं.

३. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: आधी हातातला सोऱ्या, मग मशीन. मोबाइलमध्ये डाउनलोड करूनच न्या, ऐनवेळी रेंज दगा देते.

तिन्ही गोष्टी एकदम मांडू नका. जिची वेळ आली ती काढा, दाखवून झाली की बाजूला ठेवा. नाहीतर तुम्ही नफा सांगताय आणि साहेब पॅकेट उलटंपालटं करतायत, असं होतं.

मोठ्या हॉलमध्ये बोलायचं असेल तर गाय कावासाकी यांचा नियम कामाला येतो: १० स्लाइड, २० मिनिटं, अक्षर किमान ३० पॉइंटचं. आणि पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो. सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. पुन्हा दाबलं की स्लाइड परत.

आजचा गृहपाठ: प्रत्येक स्लाइडला विचारा, "हे मी तोंडाने सांगू शकतो का?" उत्तर 'हो' आलं तर ती काढून टाका. उरलेल्यांची प्रिंट पिशवीत ठेवा. लाइट गेली तरी तुमचं प्रेझेंटेशन थांबता कामा नये!