मलाजखंडचं तांबं, नॉर्मंडीचे शिंपले

मलाजखंडच्या खाणीतून वर येणाऱ्या शंभर किलो दगडात तांबं भरतं साधारण एक किलो. पांढऱ्या गारगोटीत सोनेरी चमकणारं खनिज, चाल्कोपायराइट, आधी फोडायचं, मग पिठासारखं दळायचं, पाण्यात फेस उठवून त्या फेसाबरोबर वर काढायचं. शेवटी हाती येते ती काळपट भुकटी. हिंदुस्थान कॉपरची ही खाण १९८२ साली देशाला अर्पण झाली आणि बैहरच्या जंगलात, कान्हाच्या शेजारी, नोकरदारांची वसाहत उभी राहिली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी घरंही तिच्यात आली. त्यांना हा मुलूख परका नव्हता. मलाजखंडचा बालाघाट जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालचा, आणि १९५६ पर्यंत त्याच्या प्रांताची राजधानीही नागपूरच.

फ्रेंच स्वयंपाकघरातलं अठ्ठावीस सेंटिमीटर रुंदीचं, अडीच मिलिमीटर जाडीचं तांब्याचं पसरट भांडं घेतलं, तर त्यात पावणेतीन किलोच्या आसपास तांबं लागतं. म्हणजे आमच्या खाणीतला जवळजवळ तीनशे किलो दगड. स्कॅलप या शिंपल्याचे अभिजात फ्रेंच पदार्थ, आज पॅरिसच्या जुन्या खानावळींत मिळतात ते, अशाच भांड्यांत घडले. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या फ्रेंच मुदपाकखान्यांत तांब्याच्या भांड्यांच्या रांगाच असत. ऑग्युस्त एस्कोफिए यांनी १९०३ साली आपला मोठा पाकग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हाही स्वयंपाक्याच्या हाताखाली तांबंच होतं. ही भांडी घडवणारं नॉर्मंडीतलं गाव विलदिय-ले-प्वाल. तिथल्या लोकांना आजूबाजूचे ‘बहिरे’ म्हणत, कारण पिढ्यान्‌पिढ्या हातोड्याचे घाव ऐकून कान गेलेले. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पेशवाईपासून तिथले त्वष्टा कासार मठारकाम करत आले आहेत.

स्कॅलपचे पदार्थ घरी करायचे म्हटलं की लोक आधी विचारतात, ‘मिळतील कुठे?’ मला वाटतं, त्याआधी ‘शिजवायचे कशात?’ हे विचारावं. कारण या पदार्थांतलं सगळं कौशल्य उष्णता वेळेवर देण्यात आणि वेळेवर काढून घेण्यात आहे, आणि ते का, हे त्या प्राण्याच्या शरीरातच लिहिलेलं आहे.

कालव खडकाला चिकटून राहतं, तिसऱ्या वाळूत रुतून बसतात. स्कॅलप मात्र पोहतो. दोन्ही शिंपा फटाफट मिटून पाणी मागे फेकतो आणि उड्या मारत पळतो. शिंपांच्या कडेला त्याला निळसर चमकणाऱ्या डोळ्यांची रांग असते. एवढी पळापळ करायची तर शिंपा मिटणारा स्नायू दणकट हवा, आणि आपण खातो ती पांढरी, गोल, जाड चकती म्हणजे तोच स्नायू. त्यात ग्लायकोजेन आणि ग्लायसिन भरपूर, म्हणून चव गोडसर. त्याला बिलगलेली केशरी-पांढरी पिशवी म्हणजे जननग्रंथी. युरोपातला मोठा स्कॅलप एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतो. केशरी भाग मादीचा, पांढरट नराचा. फ्रेंच माणूस ती पिशवीही आवडीनं खातो.

हा स्नायू आतून पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत तापला की दुधट होतो आणि सुरीला लोण्यासारखा लागतो. साठच्या वर गेला की आकसतो, पाणी सोडतो आणि रबर होतो. मटणाला तास दोन तास दिले की ते मऊ होतं. इथे जास्तीचा वेळ फक्त नासाडी करतो. मधली फट एखाद्या मिनिटाची.

फ्रान्समध्ये हे शिंपले जपून काढतात. मोसम १ ऑक्टोबरपासून १५ मेपर्यंत. सेन नदीच्या उपसागरात अकरा सेंटिमीटरहून लहान शिंपला बोटीवर ठेवता येत नाही. ब्रिटनीतल्या सँ-ब्रियक्‌च्या उपसागरात तर जाळं पाण्यात ठेवायला मिनिटं मोजून मिळतात, पुष्कळदा पाऊणच तास. ब्रिटिश बोटींवर अशी मोसमबंदी नव्हती. त्यावरून ऑगस्ट २०१८ मध्ये नॉर्मंडीच्या समोर दोन्हीकडच्या मच्छीमारांच्या बोटी एकमेकींवर आदळल्या, दगडफेक झाली. मला यात फ्रेंच मच्छीमारांची बाजू पटते. साडेचार महिने समुद्राला मोकळा सोडायचा म्हणजे त्या साडेचार महिन्यांची कमाईही सोडायची, आणि ती सोडल्यामुळेच तिथे आज शिंपला टिकून आहे.

आता स्वयंपाकाकडे. सगळ्यात ओळखीचा पदार्थ म्हणजे पॅरिसच्या धाटणीचा कोकीय सँ-जाक. अमेरिकेतल्या घराघरांत तो पोचला तो बराचसा ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहलेखिकांच्या १९६१च्या पुस्तकामुळे. चौघांसाठी चारशे ग्रॅम स्कॅलप, दोनशे ग्रॅम बटण मशरूम, सांबारात घालतो ते छोटे कांदे दोन-तीन, एक तमालपत्र, एक पेला पांढरी कोरडी वाइन आणि तेवढंच पाणी घ्यावं. वाइन, पाणी, बारीक कांदा, तमालपत्र आणि चिमूटभर मीठ पाच मिनिटं उकळावं. मग आच इतकी कमी करावी की पाणी नुसतं थरथरेल. त्यात मशरूमच्या चकत्या पाच मिनिटं, आणि मग स्कॅलप दोन ते तीन मिनिटं. लगेच झाऱ्यानं बाहेर. उरलेलं पाणी गाळून मोठ्या आचेवर पाऊण पेला होईपर्यंत आटवावं. पदार्थाची सगळी चव या पाण्यात आहे, ते ओतून देणं म्हणजे शिंपलेच ओतून देणं. दुसरीकडे चाळीस ग्रॅम लोण्यात तीस ग्रॅम मैदा रंग न बदलता परतावा, त्यात हे आटवलेलं पाणी आणि पाऊण पेला गरम दूध घालून गुठळी न होऊ देता हलवत राहावं. दोन अंड्यांचे बलक अर्धा पेला सायीत फेटून, त्यात आधी चमचाभर गरम सॉस मिसळून, मग सगळं एकत्र करावं. लिंबाचे थोडे थेंब, मिरपूड. स्कॅलपच्या आडव्या चकत्या करून मशरूमसह या सॉसमध्ये कालवाव्यात, शिंपल्यात किंवा चिनी मातीच्या वाट्यांत भरून वर किसलेलं चीज आणि लोण्याचे खडे घालून ओव्हनच्या वरच्या जाळीखाली फक्त रंग येईपर्यंत ठेवावं. ग्रुयेर चीज मिळालं नाही तर भारतात बनणारं एमेंटल किंवा गौडा चालतं. पावाला लावायचं प्रोसेस्ड चीज मात्र नको, ते इथे चिकट होतं आणि चव झाकून टाकतं.

सायीबद्दल एक सांगते. पाकिटातलं पातळ क्रीम या सॉसला अंग देत नाही. म्हशीच्या दुधाची घरची साय, गुठळ्या मोडून, फ्रेंच क्रीमच्या जास्त जवळ जाते.

या सगळ्या कामात तांब्याचं पातेलं काय करतं, ते पाहण्यासारखं आहे. तांब्यातून उष्णता लोखंडापेक्षा सुमारे पाचपट आणि स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसपट सहज वाहते. ज्योत मधोमध असली तरी कडेचं पाणी तेवढंच तापतं आणि गॅस बारीक केला की पातेलं लगेच ऐकतं. अंड्याचा बलक घातलेला सॉस आणि दोन मिनिटांत शिजणारा शिंपला यांना नेमकं हेच हवं. पण वाइन आणि लिंबू दोन्ही आंबट. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून पिण्याचं पाणी तसंच ठेवायचं आणि आमटी, कढी कल्हईच्या भांड्यात. फ्रेंचांनीही अगदी हाच उपाय केला. त्यांची पारंपरिक भांडीसुद्धा आतून कथलाचीच. भांडं तापवून नवसागराची पूड फिरवायची, धूर उठतो आणि तांब्यावरचा काळपट थर निघून जातो. मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं ते सगळीकडे पसरायचं. पुण्यात आणि विलदियमध्ये हे काम तत्त्वतः एकच. फक्त कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, याची खात्री केल्याशिवाय कल्हई करून घेऊ नये.

आपली जुनी पातेली फ्रेंच भांड्यांपेक्षा पातळ असतात, त्यामुळे गॅसच्या ज्योतीवर मध्येच करपतात. त्यावर सोपा इलाज म्हणजे खाली जाड लोखंडी तवा ठेवणं.

पातेल्याची खरी परीक्षा नान्त शहराच्या बाजूच्या बर ब्लाँ सॉसला होते. यात मैदा नाही, अंडं नाही. बारीक चिरलेला छोटा कांदा पांढरी वाइन आणि व्हिनेगरमध्ये जवळजवळ कोरडा होईपर्यंत आटवायचा आणि मग थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून फेटत जायचे. दीडशे ते दोनशे ग्रॅम लोणी दोन-तीन चमचे आटलेल्या द्रवात मिसळून मऊसूत सॉस होतो. तो साधारण अठ्ठावन्न अंशांच्या वर गेला की फुटतो, तूप वेगळं आणि पाणी वेगळं. म्हणून पातेलं सतत ज्योतीवरून उचलायचं आणि परत टेकवायचं. जाड बुडाचं स्टील उचललं तरी बराच वेळ तापत राहतं. तांबं तसं करत नाही. मला स्वतःला सगळ्या फ्रेंच सॉसांमध्ये हा सर्वांत सुंदर वाटतो, आणि स्कॅलपच्या गोडीला त्याची आंबट धार फार शोभते.

वाइनचा प्रश्न महाराष्ट्रानं सोडवलेला आहे. नान्त ज्या लुआर नदीच्या काठी आहे, तिच्याच खोऱ्यातलं शेनँ ब्लाँ हे द्राक्ष नाशिकच्या मळ्यांत रुजलं. २००० साली तिथल्या सुला या वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, त्यांत तेही होतं. सॉससाठी सोविन्यो ब्लाँ जास्त बरी, कारण ती अधिक कोरडी. गोडसर बाटली घेतली तर आटवल्यावर सॉस गुळमट होतो.

मात्र तिसऱ्या पदार्थाला, म्हणजे लोण्यात झटक्यात परतलेल्या स्कॅलपला, कल्हईचं भांडं अजिबात वापरू नये. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं मोठ्या आचेवर धुरकटेपर्यंत तापवलं की आतली कल्हई थेंब थेंब होऊन जमते आणि भांडं वाया जातं. इथे बिडाचा तवा हवा. स्कॅलप कागदी रुमालानं अगदी कोरडे करावेत, मीठ तव्यात टाकण्याच्या क्षणी लावावं, आणि परतायला लोण्याऐवजी साजूक तूप घ्यावं. लोण्यातला दुधाचा अंश दीडशेच्या पुढे करपतो. तूप त्याच्या कितीतरी वर टिकतं. एका वेळी पाच-सहाच टाकावेत, मध्ये जागा सोडून. दीड-दोन मिनिटं हात लावायचा नाही. तळ बदामी झाला की उलटावेत, लोण्याचा खडा आणि ठेचलेली लसूणपाकळी टाकून तो फेस चमच्यानं वरून ओतत आणखी मिनिटभर, की झालं. प्रोव्हांस भागात यावर लसूण आणि पार्सली घालतात. कोथिंबीर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे; ती या मंद चवीवर बसते.

तवा कितीही तापला तरी काही स्कॅलप बदामी होतच नाहीत, नुसतं पांढरं पाणी सोडत राहतात. दोष पाकिटात असतो. वजन वाढावं म्हणून बरेच व्यापारी स्कॅलप सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला घटकांमध्ये फॉस्फेट किंवा ई ४५१ असं दिसलं तर ते परत ठेवावं. घटकांत फक्त स्कॅलप लिहिलेलं पाकीट महाग पडतं, पण खरं तेच.

आपल्या कोकण किनाऱ्यावर तिसऱ्या, कालवं, शिनाणे रोजच्या जेवणातले. स्कॅलपची मासेमारी मात्र होत नाही. भारतात मिळतात ते परदेशातून गोठवून आलेले, मुख्यतः मोठ्या शहरांच्या बाजारांत. मलाजखंडपर्यंत ते बर्फाच्या पेटीतूनच येऊ शकतात, गोंदियापर्यंत रेल्वेनं आणि पुढे घाटातून. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पॅरिसच्या पद्धतीत वैनगंगेचे झिंगे घालून पाहावेत. सोलून, काळा दोरा काढून, त्या वाइनच्या पाण्यात दीड-दोन मिनिटंच. टरफलं फेकू नयेत. ती आधी त्याच पाण्यात उकळून गाळली की सॉसला जी खोली येते, ती स्कॅलपच्या सॉसलाही नसते. स्कॅलपची गोडी त्यात नाही, पण पदार्थ आपल्या जागी पूर्ण आहे. मशरूम विकतचेच घ्यावेत. पावसाळ्यात जंगलातून येणारी पिहरी हाताशी असेल तर तिच्यापुढे बटण मशरूम फिके, पण हा बेत दिवाळीचा, आणि तेव्हा ती मिळत नाही. सोबत भात असेल तर बालाघाटचा चिन्नोर. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि पॅरिसच्या सॉसला असा मऊ, वासाचा भात पावापेक्षा जास्त मानवतो.

गोठलेले स्कॅलप पाण्यात किंवा ओट्यावर वितळवले तर त्यांचा रस निघून जातो. भाऊबीजेला करायचे असतील तर पाडव्याच्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जाळीच्या चाळणीत, खाली ताट ठेवून काढून ठेवावं. सकाळी कडेला असलेला छोटा कडक पट्टा बोटांनी ओढून टाकावा, चकत्या कोरड्या करून झाकण न घालता परत फ्रीजमध्ये ठेवाव्यात, आणि पाहुणे पानावर बसल्यानंतरच तवा चढवावा.