पिकअप गाडी मंदावताना स्वयंचलित गिअरबॉक्स का अडखळतो?

कोपरगाव तालुक्याची शेती मुख्यत्वे कालव्याच्या पाण्यावर वाढली. नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांचे पाणी विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात खेळू लागले आणि काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. ऊस, कांदा, भाजीपाला व दूध यांची ने-आण पूर्वी बैलगाडीने होई. आज ती मोठ्या प्रमाणावर पिकअप गाडीने होते. बैल लंगडू लागला की जाणता शेतकरी प्रथम खूर पाहतो, मग सांधा पाहतो आणि त्यानंतरच वैद्याकडे जातो. गाडीच्या बाबतीत मात्र हा क्रम पुष्कळदा पाळला जात नाही. गाडीने हिसका दिला की गिअरबॉक्स गेला असे समजून तो उघडला जातो. हजारो रुपये खर्च होतात आणि हिसका कायम राहतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ही गत होय.

माल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप गाड्यांना आजही पायाने दाबावयाचा क्लच व हाताने बदलावयाचा गिअर असतो. तथापि इसुझू व टोयोटा यांच्या काही पिकअप गाड्या सहा गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससह भारतात विकल्या गेल्या आहेत. अशा गाडीत क्लचचे पेडल नसल्याने बिघाडाची चाहूल चालकाच्या पायाला लागत नाही. ती लक्षणांवरूनच ओळखावी लागते. ही लक्षणे विशेषेकरून गाडी मंदावताना प्रकट होतात.

गाडी मंदावताना आत काय घडते?

साध्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स यांना क्लचची तबकडी जोडते. स्वयंचलित गाडीत हे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. तेलाने भरलेल्या बंद डब्यात समोरासमोर दोन पाती-चक्रे असतात. इंजिन एक चक्र फिरविते, ते तेलाला ढकलते आणि त्या तेलाच्या जोराने दुसरे चक्र फिरते. जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर यांनी हे तत्त्व १९०५ साली जहाजांच्या यंत्रांसाठी सिद्ध केले. पुढे अमेरिकेत १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारीपासून पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला.

तेलाच्या जोडणीत थोडी घसर असते व तीत इंधन वाया जाते. यास्तव गाडी स्थिर वेगाने धावू लागली की कन्व्हर्टरमधील एक लहान क्लच ही दोन्ही अंगे घट्ट जोडतो. यास लॉकअप म्हणतात. चालकाने ब्रेक दाबला व वेग उतरला की हा लॉकअप सुटावा लागतो. तो सुटल्यामुळेच गाडी थांबली तरी इंजिन चालू राहते.

त्याच वेळी गिअरबॉक्स सहाव्या गिअरवरून क्रमाने पहिल्यापर्यंत उतरतो. प्रत्येक पायरीवर आतील एक क्लच सुटतो व दुसरा पकडतो. पकडण्याचे बळ तेलाच्या दाबातून येते. दाब केव्हा व किती द्यावा हे गाडीतील संगणक ठरवितो. चाकांचा वेग, इंजिनचे फेरे, ॲक्सिलरेटर व ब्रेक यांची वार्ता त्याला तारांतून मिळत असते. तात्पर्य, सुरळीत मंदावण्यासाठी तेल, दाब, वार्ता व आज्ञा ही चारही ठीक असावी लागतात. यांपैकी एक जरी चुकले तरी चालकाला जाणवतो तो केवळ हिसका.

प्रथम नोंद, मग निदान

पिकावरील रोग ओळखताना पान, खोड व मूळ ही तिन्ही पाहिली जातात. तद्वतच गाडीचे वर्तन निदान तीन दिवस वहीत लिहून ठेवावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात: गाडी थंड होती की तापलेली, रिकामी होती की भरलेली, ब्रेक दाबला होता की केवळ ॲक्सिलरेटर सोडला होता, हिसका थांबण्यापूर्वी आला की थांबल्यानंतर, त्या वेळी वेग किती होता आणि फेऱ्यांचा काटा वर गेला की खाली. मिस्त्रीला ‘गाडी बिघडली’ असे सांगण्यापेक्षा ‘भरलेली गाडी तापल्यावर, ताशी पंधरा किलोमीटरला, ब्रेक दाबला असता एकदा धक्का देते’ असे सांगितल्यास अर्धे निदान तेथेच होते.

काही गोष्टी मुळीच बिघाड नसतात. उतारावर ब्रेक दाबताच इंजिनचा आवाज चढणे, हे गाडीने इंजिनच्या साहाय्याने वेग रोखल्याचे चिन्ह आहे. बॅटरी काढून पुन्हा बसविल्यावर काही गाड्यांचा संगणक गिअर बदलण्याचा मेळ नव्याने शिकतो व तोवर किंचित धक्के जाणवतात. पहाटेच्या थंडीत तेल घट्ट असल्याने गिअर थोडे उशिरा बदलतात. हे गाडी तापल्यावर नाहीसे होत असेल तर काळजी नसावी.

लक्षणे आणि त्यांची कारणे

*थांबल्यानंतर मागून ‘ठक्’ असा धक्का.* गाडी पूर्ण थांबते आणि क्षणभराने कोणी मागून ढकलल्यासारखे वाटते. चालकाचा संशय गिअरबॉक्सवर जातो. परंतु दोष बहुधा मागील चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये असतो. ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो व शाफ्टची लांबी किंचित बदलते. त्यासाठी शाफ्टला सरकणारा दातेरी सांधा असतो. त्यातील ग्रीस सुकले की सांधा अडकतो व गाडी थांबल्यावर एकदम सुटतो. तोच हा धक्का होय. भरलेल्या व रिकाम्या गाडीत हा धक्का वेगवेगळा जाणवतो, ही त्याची खूण आहे. सपाट जागी चाकांना पुढून-मागून अडण लावून, इंजिन बंद करून व किल्ली काढून, शाफ्ट हाताने हलवून पाहावा. क्रॉसमध्ये ढिलेपणा किंवा गंज दिसल्यास क्रॉस बदलावा. जेथे ग्रीस भरण्याची सोय आहे तेथे ग्रीस भरावे. पाट्यांचे बूश व इंजिनचे फाउंडेशन रबरही याच वेळी तपासावे.

*थांबता थांबता इंजिन थरथरते व बंद पडते.* साध्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारल्यास जे घडते तेच येथे घडते. लॉकअप सुटलेला नसतो. याची चाचणी सोपी आहे. मोकळ्या, सपाट व निर्मनुष्य रस्त्यावर रिकामी गाडी ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालवून ब्रेक दाबावा आणि थरथर सुरू होताच दांडा ‘डी’ वरून ‘एन’ वर घ्यावा. थरथर तत्काळ थांबली तर दोष लॉकअपचा, त्याच्या झडपेचा अथवा ब्रेकच्या स्विचचा असण्याचा संभव अधिक. ‘एन’ वर घेऊनही इंजिन बंद पडले तर दोष इंजिनकडे शोधावा. डिझेल गाळणी, हवेची गाळणी व इंजिनचे संथ फेरे तपासावेत. मागील लाल दिवे ब्रेक दाबताच लागतात की नाही, हे कोणासही मागे उभे करून पाहता येते. दिवे लागत नसल्यास दिव्यांच्या बरोबरीने ब्रेकचा स्विचही तपासून घ्यावा. स्विचची किंमत गिअरबॉक्सच्या मानाने नगण्य असते.

या लक्षणाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांनंतर संपते व स्टिअरिंग जड होते. गळिताच्या हंगामात नगर–मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे असे घडल्यास जीवावर बेतू शकते. कसारा घाटातून मुंबईकडे माल नेणाऱ्याने तर हा दोष दूर झाल्यावाचून घाटात उतरूच नये.

*गतिरोधकावर मंदावून पुन्हा निघताना फेरे चढतात, पण गाडी उशिराने व धक्क्याने निघते.* हे बहुधा तेल कमी असल्याचे पहिले लक्षण असते. ब्रेक दाबला की तेलपात्रातील तेल पुढे लोटते. ते मुळातच कमी असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, दाब पडतो व क्लच पुरेसा पकडत नाही. म्हणूनच सरळ रस्त्यावर निर्दोष वाटणारी गाडी ब्रेक मारताना किंवा वळताना घसरते. अशा वेळी तेलाची पातळी व गळती त्वरित पाहावी. घसरणाऱ्या क्लचने भरलेली गाडी ओढत राहिल्यास क्लचच्या तबकड्या जळतात आणि किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या खर्चात होते.

*शेवटच्या पायरीवर, म्हणजे दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना हिसका.* प्रथम इंजिनचे संथ फेरे पाहावेत. डिझेल इंजिनात ते सामान्यतः मिनिटास ७०० ते ८५० च्या आसपास असतात. ते फार चढलेले असल्यास इंजिन गाडीला पुढे ढकलत राहते व उतरता गिअर झटक्याने बसतो. फेरे ठीक असल्यास तेल जुने झाले आहे काय, हे पाहावे.

*गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, धोक्याचा दिवा लागतो, वेगाचा काटा नाचतो.* वेगाची वार्ता देणारे उपकरण किंवा त्याची तार बिघडली की संगणक गिअरबॉक्सला वाचविण्यासाठी एकच गिअर धरून ठेवतो. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या तारा उंदीर कुरतडतात, चिखलाने जोड गंजतात. तेव्हा प्रथम तारा पाहाव्यात व स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. तो क्रमांक दिशा दाखवितो. कोणता भाग बदलावा हे तो ठरवीत नाही.

*सावकाश वळताना गाडी अडखळते, टायर कुरकुरतात.* चारही चाकांना जोर देणारी गाडी असल्यास ती जोडणी चालू राहिली आहे काय, हे पाहावे. चिखलातून माल काढताना जोडलेली पुढची चाके डांबरी रस्त्यावर सोडवावयास विसरणे ही नित्याची चूक आहे. पक्क्या कोरड्या रस्त्यावर ही जोडणी सर्व यंत्रणेवर ताण आणते. पुढील व मागील टायर वेगवेगळ्या मापांचे असल्यासही ताण येतो.

तेलाची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून व दांडा ‘पी’ वर ठेवून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच तेल मोजावे. काही गाड्यांना मोजपट्टी असते. काहींना ती नसते व ठरावीक तापमानावर बूच काढून पातळी पाहावी लागते. हे काम माहीतगार मिस्त्रीनेच करावे. तेल काळे असून त्याला जळका वास येत असेल तर क्लच झिजू लागले आहेत असे समजावे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. गोदावरीच्या पुरात बुडलेल्या फरशीवरून गाडी काढल्यास किंवा रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटल्यास असे घडते. अशी गाडी पुढे चालवू नये.

तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. घरात ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल शिल्लक आहे म्हणून ते यात ओतणे सर्वथा वर्ज्य होय. दोन्ही तेलेच असली तरी क्लचची पकड व दाब यांचा हिशेब निराळा असतो.

गाडी बंद पडल्यास मागील चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेऊ नये. इंजिन बंद असता पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. मागची चाके उचलून, मागचा शाफ्ट सोडवून किंवा गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. चारही चाकांना जोर देणारी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच नेणे उत्तम.

तपासणीचा क्रम

समजा, लासलगावच्या बाजाराला कांदा नेणारी एक गाडी थांबताना धक्का देते. प्रथम वहीतील नोंद पाहावी. धक्का थांबल्यानंतर येतो असे दिसल्यास शाफ्ट, क्रॉस व रबरे पाहावीत. थांबण्यापूर्वी येत असल्यास संथ फेरे, ब्रेकचा स्विच व तेल पाहावे. त्यानंतर तारा व दोषाचा क्रमांक, त्यानंतर तेलाच्या दाबाची मोजणी आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्स उघडणे, हा क्रम असावा. यातील पहिल्या बहुतेक तपासण्यांना वेळ थोडा व खर्च नाममात्र लागतो. गिअरबॉक्स उघडावा असे मिस्त्रीने सुचविल्यास तेलाचा दाब किती भरला व तो किती असावयास हवा होता, हे त्यास लिहून मागावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील पिकअपधारकांना एकत्र बोलावून मागील दिव्यांची, शाफ्टच्या ग्रीसची व तेलगळतीची तपासणी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून सर्वांसमक्ष करून दाखवावी. माल बाजारात वेळेवर पोचणे जितके महत्त्वाचे, तितकेच चालक संध्याकाळी सुखरूप घरी येणे महत्त्वाचे आहे. बियाणे पारखून घेणारा, पाण्याची पाळी मोजून देणारा शेतकरी यंत्राच्या बाबतीतही तीच पारख दाखवू शकतो. त्यासाठी लक्षण नीट पाहणे, ते लिहून ठेवणे आणि स्वस्त व सोप्या कारणापासून शोध सुरू करणे, एवढी शिस्त पाळली म्हणजे पुरे.