या, सारसाशी उंची मोजा!

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचा हंगाम सुरू होतो. दुपारी दंडार, रात्री नाटक, आकाशपाळणे, भजी-जिलेबीची दुकानं, शिंगाड्यांचे ढीग आणि माहेरी आलेल्या लेकीबाळी. वरठीच्या पंचक्रोशीतही हेच चित्र. त्याच सुमारास येतो राज्याचा पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सलीम अलींचा. या दोघांच्या जन्मदिवसांना जोडून हा सप्ताह साजरा करायचं राज्य सरकारनं २०२० मध्ये ठरवलं. पक्षिमित्रांनी मंडईत एक टेबल मांडून उभं राहायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

शहरातल्या प्रदर्शनात स्टॉलसमोर येणारा माणूस पक्षी बघायला म्हणून आलेला असतो. मंडईतला माणूस पाळण्याकडे निघालेला असतो, हातात पोराचं बोट असतं. तो थांबला तर अर्धा मिनिट थांबतो. पण हाच माणूस धान रोवतो, बोडीत जाळं टाकतो, गुरं राखतो. पक्षी राहतात ते याच्याच बांधीत. म्हणून त्याच्या ओळखीच्या पक्ष्यांपासून बोलायला सुरुवात करा. अशी थोडी माहिती खिशात असली, की त्या अर्ध्या मिनिटाची दहा मिनिटं होतात.

एक बांबू, एक दोरी

स्टॉलवर महागडं काही नसलं तरी चालेल. एक बांबू उभा करा आणि सहा फुटांवर लाल रंगाची खूण करा. ही सारसाची उंची. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात याच्याइतका उंच दुसरा नाही. शेजारी आठ फुटांची दोरी आडवी ताणा. हा त्याच्या पसरलेल्या पंखांचा विस्तार. मुलं रांग लावून उंची मोजतील, दोन मुलं हात जोडून दोरीची लांबी गाठायला बघतील. मग बापही पुढे येईल आणि बांबूला पाठ टेकवून उभा राहील.

आता सांगायची गोष्ट. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत. भंडाऱ्यात तर तो बोटांवर मोजण्याइतकाच. त्याचा आवाज मात्र कोसभर जातो, कारण त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून तिथे वेटोळं घेते. नर-मादी मान उंचावून एकत्र साद घालतात. जोडी जमली की सहसा आयुष्यभर टिकते. पावसाळ्यात भर पाण्यात, बऱ्याचदा धानाच्या बांधीतच, काड्या-गवताचा मोठा ढीग रचून घरटं होतं. त्यात बहुधा दोनच अंडी, आणि ती उबवायला साधारण महिना लागतो. म्हणजे सारसाची पुढची पिढी तो महिनाभर एका शेतकऱ्याच्या भरवशावर असते. कीटकनाशकं, विजेच्या तारा, अंडी पळवणारी माणसं आणि कुत्री, यांतून ती वाचली तर वाचली.

शेजारच्या गोंदियात ‘सेवा’ ही संस्था शेतकऱ्यांना सोबत घेऊन सारसांची गणना आणि घरट्यांची राखण करते. तिथे सारस महोत्सवही भरला होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. इतक्या मोठ्या न्यायालयानं आपल्या बांधीतल्या पाखराची काळजी केली, हे मंडईत आवर्जून सांगा. बांबूला पाठ लावून उभा असलेला शेतकरी ते नीट ऐकतो.

शिंगाडेवालीच्या शेजारची जागा मागा

स्टॉलची जागा निवडता येत असेल तर शिंगाडे विकणाऱ्या ढिवर बाईशेजारची घ्या. ज्या तलावात तिचा शिंगाडा वाढतो, त्याच तलावातल्या पानांवरून कमळपक्षी चालतो. त्याची बोटं इतकी लांब, की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. या पक्ष्यांच्या घरातली कामाची वाटणी ऐकून मंडईतल्या बाया हमखास थांबतात: अंडी उबवायची बापानं, पिल्लं सांभाळायची बापानं. मादी एका नराकडे अंडी सोपवून दुसऱ्याकडे जाते. पाणी चढलं तर लांब शेपटीचा कमळपक्षी अंडी हनुवटी आणि छातीत धरून दुसरीकडे हलवतो. त्याचा कांस्यपंखी भाऊ पिल्लांना पंखाखाली दाबून चालू लागतो. तेव्हा पंखांखालून पिल्लांचे नुसते पाय लोंबताना दिसतात. स्वयंसेवकांसाठी एक सूचना: पोस्टरवरची ती डौलदार लांब शेपटी नोव्हेंबरात शोधू नका. विणीचा हंगाम सरला की ती गळून जाते.

हे तलाव आपोआप झालेले नाहीत. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं उतार ओळखून पाळी बांधल्या आणि पाणी अडवलं. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५० नंतर मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. बेशरमाच्या झुडपांनी आणि गाळानं त्यांतले कितीतरी भरून गेले. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ढिवर समाजाबरोबर हे तलाव पुन्हा जिवंत करतं. बेशरम उपटायचं आणि देशी पाणवनस्पती लावायच्या. वनस्पती आल्या की मासे येतात, माशांमागोमाग पक्षी. माझ्या मते पूर्व विदर्भातलं हे सर्वांत मोलाचं पक्षी-काम आहे, आणि ते करणाऱ्यांच्या हातात दुर्बीण नसते.

एव्हरेस्टची थाप मारू नका

डिसेंबर-जानेवारीत तलावांवर पट्टकादंब उतरतात. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, पाय नारिंगी. ‘हा एव्हरेस्टवरून उडत येतो’ असं कित्येक जण ठोकून देतात. खरी गोष्ट त्याहून भारी आहे. शास्त्रज्ञांनी या हंसांच्या अंगावर यंत्रं बसवली, तेव्हा ते ७,२०० मीटरच्या वर उडाल्याची नोंद मिळाली. तिथली हवा इतकी विरळ, की प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. पण ते सारखे उंचावर राहत नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की खाली उतरतात, पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारत राहण्यापेक्षा असा चढउतार कमी थकवतो. बराचसा प्रवास रात्री आणि पहाटे होतो, तेव्हा हवा थंड आणि दाट असते. हे सांगताना हात डोंगरासारखा वरखाली करून दाखवा, मुलं लगेच नक्कल करतात.

काँग्रेसचा संस्थापक आणि एक हरवलेला पिंगळा

ही गोष्ट म्हाताऱ्या मंडळींसाठी आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणारे ए. ओ. ह्यूम हे त्या काळचे भारतातले सर्वांत मोठे पक्षीतज्ज्ञही होते. १८७३ मध्ये त्यांनी एका छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. तो रानपिंगळा. त्याचा पहिला नमुना मिळाला होता आपल्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच सापडेना.

शोध चुकत राहिला, आणि त्यामागे एक चोरी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं संग्रहालयातला जुना नमुना लांबवला, नवी चिठ्ठी लावली आणि आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केला. लोक त्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं ही लबाडी उघडकीला आणली. मग जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोचल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! म्हणून मंडईत कुणी आजोबा म्हणाले, ‘आमच्याकडे असा एक पक्षी होता, आता दिसत नाही,’ तर वही काढा आणि गावाच्या नावासकट सगळं लिहून घ्या. जुनी खरी नोंद काय करू शकते ते शहाद्यात दिसलं.

घाईत असलेल्यांसाठी

घुबडाच्या मानेत १४ मणके असतात, माणसाच्या मानेत ७, आणि जिराफाच्याही ७च. म्हणून घुबड मान २७० अंशांपर्यंत फिरवू शकतं. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्याला विचारा, धानाच्या कोठीतले उंदीर रात्री कोण पकडतं?

सुगरणीचा खोपा नर विणतो. तो अर्धा झाला की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडला तरच पुढचं काम.

सुताराची जीभ डोक्याच्या कवटीला मागून वळसा घालून जाते. हे ऐकून मुलं स्वतःची जीभ बाहेर काढून बघतातच.

गाईंमागे फिरणारा गायबगळा गोवारी पोरांच्या रोजच्या पाहण्यातला. याच्या आफ्रिकेतल्या भाईबंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या पंखांवर अटलांटिक महासागर ओलांडला आणि दक्षिण अमेरिका गाठली. तिथेही ते गाईंमागेच फिरू लागले.

राज्यपक्षी हरियाल गावातल्या वडा-पिंपळावरच असतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. पिंपळ फळांवर असेल तर दुर्बीण तिकडेच लावा.

दिवस मावळला की पक्षी दिसेनासे होतात, पण मंडई तर तेव्हाच रंगात येते. मग दुर्बीण चंद्राकडे वळवा. भाऊबीज शुद्ध द्वितीयेची, त्यामुळे पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळचा चंद्र वाढता असतो. चंद्रावरचे खड्डे दाखवता दाखवता सांगा, की बहुतेक लहान पक्षी रात्रीच स्थलांतर करतात. १९५२ मध्ये अमेरिकेत शेकडो ठिकाणी लोकांनी दुर्बिणी चंद्राला लावल्या आणि चंद्रबिंबासमोरून जाणारे पक्षी मोजून स्थलांतराचे मार्ग शोधले होते. त्या अभ्यासाला लागली होती पौर्णिमेची रात्र, साधी दुर्बीण आणि चिकाटी. हे तिन्ही वरठीत मिळतं.

स्टॉलवर काय ठेवू नये

जिवंत पक्षी नकोच. घरटं, अंडं किंवा पिसंही खरी नकोत. मातीची अंडी आणि चित्रं पुरतात. मंडईत कुणी पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात विकत असेल तर देशी पक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, एवढं गिऱ्हाइकाला शांतपणे सांगा. भांडण नको, गर्दीत मुलं असतात. आणि दुर्बिणीची तिवई मुलांच्या उंचीची ठेवा. मोठी माणसं वाकतील, मुलांना उंच होता येत नाही.

भंडाऱ्याला जाणारा प्रवासी ज्या ‘भंडारा रोड’ स्टेशनवर उतरतो, ते वरठीतच आहे. तेव्हा नागपूर-गोंदियाच्या पक्षिमित्रांनो, यंदा एक दिवस गाडीनं या आणि जवळच्या मंडईत टेबल मांडा. आणि शेतकरी दादांनो, पावसाळ्यात तुमच्या बांधीत सारसानं घरटं केलेलं दिसलं, तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी गर्दी जमवू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.